शुद्ध आणि शुक्ल: वाढत्या चंद्राचे दोन शब्द

लग्नपत्रिकेवर ‘वैशाख शुद्ध दशमी’ असे छापलेले पाहून ती तिथी विशेष पवित्र असावी असा अनेकांचा समज होतो, आणि मग ‘वद्य’ म्हणजे काहीतरी उणे, असेही ओघानेच मनात येते. वास्तविक पंचांगातील शुद्ध आणि शुक्ल हे दोन्ही शब्द अमावास्येनंतरच्या, चंद्रकला वाढत जाणाऱ्या त्याच पंधरा तिथींना लावले जातात. ‘शु.’ हा संक्षेपही दोघांना सारखाच चालतो, त्यामुळे गोंधळात भरच पडते.

व्युत्पत्ती मात्र निराळी आहे. शुक्ल हा शब्द ‘शुच्’, म्हणजे तळपणे, या धातूकडे जातो. वेदांतील ‘शुक्र’ म्हणजे तेजस्वी, आणि त्यातील ‘र’चा ‘ल’ होऊन शुक्ल झाला. म्हणजे येथे अर्थ सरळ उजेडाचा आहे. शुद्ध हे ‘शुध्’ धातूचे रूप असून त्याचा मूळ अर्थ मळ गेलेला, स्वच्छ झालेला असा आहे. पंचांगात तो उजळपणापुरताच घ्यायचा. जुन्या शिलालेखांत व ताम्रपटांत शुक्ल किंवा शुद्ध आणि दिन यांची आद्याक्षरे जोडून ‘शुदि’, तर ‘बहुल’ म्हणजे कृष्ण पक्षासाठी ‘बदि’ किंवा ‘वदि’ असे लिहीत. गुजरातीतील सुद-वद ही त्याचीच रूपे आहेत, आणि आपला ‘वद्य’ही त्याच घराण्यातला मानला जातो. निंद्य या अर्थाच्या ‘अवद्य’ शब्दाशी त्याचे नाते लावण्याचे कारण नाही. शिवाजी महाराजांची महाराष्ट्रात शासकीय जयंती ज्या तिथीवरून १९ फेब्रुवारीला येते, ती शके १५५१ची फाल्गुन वद्य तृतीयाच आहे. राज्याभिषेक मात्र शके १५९६च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा.

मराठीत साधारणपणे पक्षाचे नाव घेताना ‘शुक्ल पक्ष’ आणि तिथी सांगताना ‘शुद्ध’ म्हणतात. जोड्याही ठरलेल्या आहेत: शुक्लासमोर कृष्ण, शुद्धासमोर वद्य. ‘शुक्ल-वद्य’ अशी सरमिसळ चुकीची म्हणता येणार नाही, पण कानाला खटकते.

शुद्ध शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो शुक्लाला नाही. अधिक मास आला की त्याच नावाच्या खऱ्या महिन्याला निज किंवा शुद्ध मास म्हणतात. २०२३ साली अधिक श्रावणानंतर निज श्रावण आला, तसा. अशा वर्षी ‘शुद्ध श्रावण’ म्हटले तर त्यात वद्य पक्षही येतो, आणि ‘श्रावण शुद्ध’ म्हटले तर येत नाही.