हॅमस्टरला खोली हवी

रात्री दिवे मालवले की हॉलमधून आवाज सुरू व्हायचा. कर्र, कर्र, कर्र. आमचा हॅमस्टर (उंदरासारखा एक छोटा पाळीव प्राणी), लाडू, पिंजऱ्याच्या दाराशेजारचा एकच गज दातात धरून कुरतडत बसायचा. तासन्‌तास. त्या जागचा रंग उडून खालची तार चकाकायला लागली होती आणि लाडूच्या नाकावरची लव घासून कातडी दिसत होती. ज्यांच्याकडून त्याला आणलं होतं ते म्हणाले, "दात वाढतात ना त्यांचे, ते झिजवतोय." आम्हाला पटलं, कारण त्यात अर्धं सत्य होतं. हॅमस्टरचे पुढचे दात खरंच जन्मभर वाढत राहतात. पण दात झिजवायला दिलेला लाकडाचा ठोकळा शेजारीच पडून होता आणि त्याला लाडूनं तोंडही लावलं नव्हतं.

पिंजरा दिसायला छान होता. दीड फूट लांब, दोन मजली, रंगीत शिड्या, पोहे खायच्या बशीएवढं चाक आणि तळाला दोन बोटं भुसा. मुलांना आवडेल असाच. त्या पिंजऱ्यात काय कमी आहे, हे कळायला मला हा प्राणी मुळात कुठला आणि तिकडे कसा राहतो, ते वाचावं लागलं.

आपल्याकडे सर्रास मिळतो तो सोनेरी हॅमस्टर सीरियाचा. सीरियाच्या उत्तरेला अलेप्पो शहराच्या आसपासची शेतजमीन आणि तुर्कस्तानात त्याला लागून असलेली पट्टी, एवढंच त्याचं जग. जर्मनीतल्या हाले विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ रॉल्फ गाटरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन हॅमस्टरची बिळं उकरून मोजली आणि 2001 साली ती मापं प्रसिद्ध केली. बिळांची सरासरी खोली भरली 65 सेंटिमीटर. सगळ्यात उथळ बीळ 36 सेंटिमीटरचं, सगळ्यात खोल मीटरभराहून थोडं जास्त. तोंडाशी सरळ खाली उतरणारा बोगदा, तळाशी झोपायची गोल जागा, तिच्याजवळ धान्याचा साठा आणि एक बंद टोकाचा फाटा, तो शौचाचा. एका बिळात मोठा हॅमस्टर एकच. दुसरा कधीच नाही.

धान्याच्या या साठ्याला मराठीत नेमका शब्द आहे: पेव. आपल्याकडे जमिनीत खड्डा घेऊन ज्वारी साठवायचे, तसंच हे. गालांतल्या पिशव्या खांद्यापर्यंत फुगतील इतके दाणे भरून आणायचे, पुढच्या पंजांनी गाल दाबून ते बाहेर काढायचे आणि रचून ठेवायचे. साठेबाजी करण्याला जर्मन भाषेत जे क्रियापद आहे, ते या प्राण्याच्या नावावरूनच आलंय.

हॅमस्टर माणसाच्या घरात आला, त्याची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात पिंजऱ्याचा प्रश्न पहिल्या दिवसापासून आहे. जेरुसलेममध्ये सॉल अ‍ॅडलर नावाचे परजीवीशास्त्रज्ञ लेशमानिया या परजीवीवर काम करत होते. आपल्याकडे बिहारमध्ये ज्यानं पिढ्यान्‌पिढ्या माणसं मारली तो काळा आजार याच परजीवीमुळे होतो. अ‍ॅडलरना प्रयोगासाठी सहज वाढवता येईल असा प्राणी हवा होता. त्यांच्यासाठी प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल अहारोनी 1930 च्या एप्रिलमध्ये अलेप्पोजवळ गेले. तिथे एका गव्हाच्या शेतात खणत खणत गेल्यावर एक मादी आणि तिची अकरा पिल्लं सापडली. पकडल्यावर घाबरलेल्या आईनं एका पिल्लाला मारलं, म्हणून माणसांनी आईला मारलं. उरलेली पिल्लं अहारोनी दांपत्यानं हातानं वाढवली आणि हिब्रू विद्यापीठाच्या प्राणिगृहात दिली. तिथे त्यांना लाकडी तळाच्या पिंजऱ्यात ठेवलं, तर एका रात्रीत तळ कुरतडून पाच जण पसार झाले.

राहिलेल्यांची वीण व्हायची होती आणि ती होत नव्हती. प्राणिगृहाचे प्रमुख बेन-मेनाकेम यांनी तेव्हा एक गोष्ट केली. जाळीचा मोठा पिंजरा घेऊन त्यात गवत गच्च दाबून जवळजवळ वरपर्यंत भरलं आणि मादीला वर सोडलं. ती गवतात घुसून वाट करत खाली गेली. एक-दोन दिवसांनी नराला सोडलं. जमलं. आज जगभरातल्या घरांमध्ये आणि प्रयोगशाळांमध्ये असलेले सोनेरी हॅमस्टर बहुतेक सगळे या एका कुटुंबाचे वंशज आहेत. म्हणजे या पाळीव वंशाची सुरुवातच झाली ती वरपर्यंत भरलेल्या पिंजऱ्यात, आणि आम्ही लाडूला दिला होता दोन बोटं भुसा.

दोन बोटं आणि दोन फूट यांत नेमका किती फरक पडतो, हे स्वित्झर्लंडमध्ये बर्न विद्यापीठात मोजलं गेलंय. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 45 नर हॅमस्टर होते. त्यांचे तीन गट केले. एकाला 10 सेंटिमीटर भुसा, दुसऱ्याला 40, तिसऱ्याला 80. दहावाले इतरांहून कितीतरी जास्त गज कुरतडत होते आणि चाकावरही जास्त पळत होते. ऐंशीवाल्यांत गज कुरतडताना एकदाही कोणी दिसला नाही. पुढच्या वर्षी त्याच विद्यापीठातून क्षेत्रफळाचा अभ्यास आला. तिथे लहान पिंजऱ्यातले हॅमस्टर जास्त वेळा आणि जास्त वेळ कुरतडत होते.

लाडूची कर्रकर्र म्हणजे काय होती, ते मला तेव्हा समजलं. तो खणू पाहत होता आणि खणायला जागा नव्हती. मराठीत 'खोली' म्हणजे राहायची जागा आणि 'खोली' म्हणजे जमिनीत खाली जाण्याचं मापही. हॅमस्टरसाठी हे दोन अर्थ वेगळे नाहीत.

आता प्रत्यक्ष घर कसं करायचं ते सांगते. दुमजली पिंजरा मनातून काढून टाका. हॅमस्टरची नजर अधू असते, उंचीचा अंदाज त्याला येत नाही. वरच्या मजल्यावरून तो सरळ पाऊल पुढे टाकतो आणि पडून पाय मोडून घेतो. मजले वाढवण्यापेक्षा तळ वाढवा. किमान 100 बाय 50 सेंटिमीटर, म्हणजे साधारण सव्वातीन फूट लांब आणि पावणेदोन फूट रुंद. मी मत्स्यपेट्या करणाऱ्याकडून काचेची पेटी बनवून घेतली. पाण्यासाठी नको असल्यानं जुनी, गळकी पेटीही चालते. वर लोखंडी जाळीचं झाकण, हवा खेळती राहील असं. गजांचाच पिंजरा घेतला, तर दोन गजांमध्ये सोनेरी हॅमस्टरसाठी सेंटिमीटरभराहून जास्त फट नको. बुटक्या जातींसाठी त्याहूनही कमी.

मग भुसा. हा भाग सगळ्यात खर्चिक, आणि काटकसर इथे करू नये. सुताराकडे पोतंभर फुकट मिळतो, पण हल्ली त्यात प्लायवुडचा चुरा आणि चिकटवणाऱ्या रसायनांचा अंश असतो. बारीक धूळ तर असतेच, आणि ती या एवढ्याशा जिवाच्या फुप्फुसात जाते. देवदाराचा भुसा टाळा. ज्या वासामुळे तो आपल्याला आवडतो, तीच तेलं हॅमस्टरच्या श्वासनलिकेला त्रास देतात. कागदापासून बनवलेला भुसा किंवा धूळ काढलेला अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा घ्यावा. त्यात मूठ-मूठ वाळलेलं गवत मिसळत थर द्यायचे आणि प्रत्येक थर तळहातानं दाबायचा. सैल भुशात बोगदा टिकत नाही, ढासळतो. सगळीकडे नाही जमलं, तर निदान अर्ध्या पेटीत 40 सेंटिमीटर तरी द्याच. चाक आणि जड वस्तू भुशावर टेकवू नका. त्यांना खालून तळापर्यंत आधार द्या, नाहीतर खाली बोगदा खणला की वरून वजन कोसळतं.

लाडूला नव्या पेटीत सोडलं त्या रात्री मी काचेला नाक लावून बसले होते. आधी तो कडेकडेनं मिशा थरथरवत फिरला. मग एका कोपऱ्यात थांबला आणि पुढच्या पंजांनी इतक्या वेगानं उकरायला लागला की पंजे दिसेनात. भुसा पोटाखाली जमला की मागचे पाय झाडून तो मागे उडवायचा. थोडं आत गेल्यावर वळायचा आणि डोक्यानं, कपाळ लावून, तो भुसा वर ढकलायचा. तिसऱ्या दिवशी काचेच्या कडेनं मला वाकडातिकडा बोगदा दिसला. तळाशी त्यानं टिश्यू पेपरच्या चिंध्यांचं घरटं केलं होतं. चिंध्या साध्या, बिनवासाच्या कागदाच्याच द्याव्यात. कापूस किंवा 'हॅमस्टरची गादी' म्हणून मिळणारं तंतुमय काहीही नको. ते पायाला आवळतं, गालाच्या पिशवीत अडकतं.

चाकाबद्दल लोकांना वाटतं की ती फक्त कैदेतली सवय असावी. नेदरलँड्समध्ये संशोधकांनी उघड्या रानात चाक ठेवून पाहिलं, तर रानटी उंदीर आपण होऊन येऊन त्यावर पळाले. तेव्हा चाक हवंच. मात्र सोनेरी हॅमस्टरसाठी त्याचा व्यास 28 ते 30 सेंटिमीटर असावा आणि पळण्याचा पृष्ठभाग सलग, बिनफटीचा असावा. चाक लहान असेल तर पाठ उलटी कमान करून पळावं लागतं. पळताना पाठ सरळ दिसली की माप बरोबर. जोडीला एका पसरट भांड्यात चाळलेली, धुऊन वाळवलेली वाळू ठेवा. तिच्यात लोळून तो अंगाचं तेल काढतो. पिठासारखी बारीक पूड मात्र नको.

आपल्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. हॅमस्टरला 20 ते 24 अंशांच्या आसपास बरं वाटतं. तीस ओलांडले की धोका सुरू होतो, आणि विदर्भात एप्रिलमध्येच पारा चाळिशीपार जातो. सीरियातही उन्हाळा कडक असतो, पण तिथे खाली गार जमीन आहे. पेटीतल्या भुशाला ते जमत नाही, म्हणून आपण भर घालायची. पेटी खिडकीच्या उन्हात कधीच नको. फुटक्या माठाचं मोठं खापर कडा घासून भुशात तिरकं पुरा. मी फरशीचा एक तुकडा सकाळी फ्रिजमध्ये ठेवून दुपारी पेटीत ठेवायचे. लाडू त्यावर पोट टेकून चारी पाय पसरून पडायचा. एवढं करूनही तो सुस्त पडला आणि धापा टाकायला लागला, तर वाट न पाहता प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

जोडीदार देऊ नका. "बिचारा एकटा आहे" असं आपल्याला वाटतं. पण सोनेरी हॅमस्टर वयात आले की एकमेकांना जिवानिशी मारतात.

साफसफाईत मी सुरुवातीला मोठी चूक केली. आठवड्याला सगळी पेटी रिकामी करून धुवायचे. हॅमस्टर घर ओळखतो ते वासानं, कुशीजवळच्या ग्रंथींचा गंध तो भिंतींना घासून ठेवतो. ते सगळं पुसलं की त्याच्या लेखी तो दर आठवड्याला नव्या, परक्या शेतात जागा होतो. आता मी ओला कोपरा आणि वाळू दर दोन-तीन दिवसांनी बदलते. भुसा महिना-दोन महिन्यांनी, तोही थोडाच काढते, जुना बराचसा परत घालते. पेवात काकडीचा किंवा गाजराचा सडका तुकडा असेल तर तेवढा उचलते. बाकीचे दाणे होते तिथेच ठेवते आणि वर भुसा ओढते.