आयझिनग्लास डोंगरातली अभ्रकाची खाण

अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू हॅम्पशायरमधल्या ग्राफ्टन गावाजवळ रगल्स खाण आहे. डोंगराचं नावच आयझिनग्लास. पूर्वी इंग्रजीत अभ्रकाच्या पत्र्याला हाच शब्द होता. सॅम रगल्सने १८०३ मध्ये इथे खोदायला सुरुवात केली. जागेचा सुगावा लागू नये म्हणून तो माल बैलगाड्यांतून पोर्ट्समथ बंदरात न्यायचा आणि इंग्लंडमधल्या नातेवाइकांमार्फत विकायचा, असं सांगतात. त्या काळी काच आचेने तडकायची, अभ्रक तडकत नसे. म्हणून शेगड्यांच्या खिडक्यांना आणि दिव्यांना अभ्रक लावत.

इथला खडक पेग्मटाइट. शिलारस थिजत आला की शेवटी उरलेल्या पाणीदार रसातून मोठाले स्फटिक वाढतात: गारगोटी, फेल्स्पार, अभ्रक. बेरिलियम या हलक्या धातूचे अणू नेहमीच्या खनिजांत सामावत नाहीत, ते शेवटपर्यंत रसातच राहतात आणि त्यांचे षटकोनी, हिरवट खांब बनतात. हेच बेरिल, आपल्या जुन्या ग्रंथांतलं वैदूर्य. युरोपातल्या ‘बेरिल’ शब्दाचं मूळही अभ्यासक याच वैदूर्य आणि त्याच्या पाली रूपात, वेळुरियमध्ये, शोधतात. (आज मराठीत वैडूर्य म्हटलं की लसण्या डोळ्यांपुढे येतो, तो खडा वेगळा.)

विसाव्या शतकात मात्र इथे मुख्य माल होता फेल्स्पार. बोन अ‍ॅमी कंपनीला तो घासण्याच्या पावडरीसाठी हवा होता, कारण गारगोटीपेक्षा मऊ असल्याने त्याने काचेवर ओरखडे पडत नाहीत. फेल्स्पार काढता काढता डोंगराच्या पोटात प्रचंड कमानी आणि दालनं तयार झाली.

अभ्रकाची खरी गोष्ट खाणीत नाही, हातांत आहे. खडकातून अभ्रक जाडजूड वहीसारखं निघतं. सुरीचं टोक घालून पान न् पान सोडवायचं, डाग आणि चिरा असलेल्या कडा कापून टाकायच्या. शेवटी चांगला पत्रा उरतो तो फार थोडा. अमेरिकेत हे काम सुरीने होई, तर बिहारच्या (आता झारखंडच्या) कोडरमा-गिरिडीह पट्ट्यात विळ्याने. तिथे ही कामं नाममात्र मजुरीवर होत आणि म्हणूनच जगभरचा चांगला पत्रा बहुतांश भारतातून जाई. दुसऱ्या महायुद्धात रेडिओचे कपॅसिटर आणि विमानांचे स्पार्क प्लग अभ्रकावाचून अडले, तेव्हा भारतातून ते विमानाने नेलं गेलं. शिवाय अमेरिकी सरकारने १९४२ मध्ये देशातलं अभ्रक विकत घ्यायला वेगळं महामंडळ काढलं.

युद्धानंतर अणुऊर्जेसाठी बेरिलियम लागू लागलं, त्यामुळे बेरिललाही भाव आला. आकाराच्या मानाने त्याचं वजन जवळपास गारगोटी-फेल्स्पारइतकंच, त्यामुळे वजनावर ते वेगळं काढता येत नाही. डोळ्यांनी ओळखायचं आणि हातोडीने सोडवायचं. १९५२ पासून सरकार चढ्या दराने अभ्रक आणि बेरिल घेऊ लागलं. खरेदीचं एक केंद्र न्यू हॅम्पशायरमध्येच, फ्रँकलिनला होतं. ही खरेदी १९६२ मध्ये थांबली आणि अमेरिकेतल्या पत्री अभ्रकाचा धंदाच बसला. सरकारी दराशिवाय तिथली मजुरी परवडण्यासारखी नव्हती. पुढे १९६९ पासून यूटा राज्यातल्या बर्ट्रँडाइट खनिजातून बेरिलियम निघू लागलं आणि हाताने वेचायच्या बेरिलची गरजही तिथे फारशी उरली नाही.

रगल्स खाण १९६३ मध्ये पर्यटकांसाठी उघडली. लोक तिकीट काढून, हातोडी घेऊन यायचे. मुलं चमकणारे तुकडे पिशवीत भरून घरी न्यायची. २०१६ मध्ये तेही बंद झालं.

कोडरम्यात टाकाऊ अभ्रकाला ‘ढिबरा’ म्हणतात. बंद पडलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांत आणि उंदराच्या बिळांसारख्या भोकांत शिरून गरीब घरांतली माणसं तो वेचतात, त्यांत मुलंही असतात. बिळाचं छत बसून काहींचा जीव गेला आहे. हा चुरा रंगांत जातो, सौंदर्यप्रसाधनांतही जातो. डोळ्यांवर लावायच्या पावडरीतली चमक पुष्कळदा त्याचीच असते.