वनस्पती-गुणलक्षण मापन प्रशिक्षण

वनस्पतीची उंची, पानाचे क्षेत्रफळ, जाडी व शुष्क वजन, लाकडाची घनता इ. गुणधर्म ठरावीक पद्धतीने मोजण्याचे, तरुण संशोधकांना दिले जाणारे शिक्षण. एकेका वनस्पतीवर मोजता येणारे आणि तिच्या वाढीवर, तगण्यावर किंवा प्रजननावर परिणाम करणारे वैशिष्ट्य म्हणजे गुणलक्षण, ही परिस्थितिवैज्ञानिक सिरिल व्हिओल व सहकाऱ्यांची व्याख्या (२००७) आता बहुधा प्रमाण मानतात.

या विचाराचा उगम काही अभ्यासक प्राचीन ग्रीक विचारवंत थिओफ्रॅस्टसने केलेल्या वृक्ष, झुडूप, ओषधी (मऊ खोडाची लहान वनस्पती) अशा विभागणीपर्यंत नेतात. मापनाच्या दृष्टीने मात्र विसाव्या शतकाच्या आरंभीची डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ राउनकिएर यांची जीवनरूपे, म्हणजे प्रतिकूल ऋतूत तगणाऱ्या कळ्या जमिनीपासून किती उंचीवर असतात यावरून केलेले वर्गीकरण, हाच आरंभ धरणे अधिक सयुक्तिक दिसते. येथे उदाहरणादाखल घेतलेला बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात असताना वनस्पतिशास्त्रज्ञ थिओडोर कुक यांनी इलाख्याच्या वनस्पतींची वर्णने लिहिली (१९०१–०८). त्यांत पानांची लांबी-रुंदी इंचांत आहे, वजन नाही. त्यामुळे क्षेत्रफळाचा अदमास बांधता येतो. विशिष्ट पर्णक्षेत्र (ताज्या पानाचे क्षेत्रफळ भागिले शुष्क वजन) काढता येत नाही.

सर्वाधिक वाद देठावरून आहे. कॉर्नेलिसेन व सहकाऱ्यांच्या गुणलक्षण-मापनाच्या मार्गदर्शिकेत (२००३) देठ पानाचाच भाग धरला होता. २०१३ च्या सुधारित आवृत्तीचा कल पाते व देठ वेगवेगळे मोजण्याकडे आहे. दोन्ही प्रकारे हिशेब करता येत असल्याने हाच मार्ग बरा. बाभळीच्या द्विपिच्छाकृती (दोनदा पिसासारख्या विभागलेल्या) पानात प्रश्न आणखी अवघड होतो : पान मोजायचे की पर्णिका (त्याचे सुटे छोटे भाग)? सागाचे पान क्षेत्रफळ मोजण्याच्या स्कॅनरच्या काचेवर मावत नाही. ते कापून, तुकड्यांची बेरीज करावी लागते. पाने पूर्ण वाढलेली, उन्हातली व किडीने न खाल्लेली घेतात, ओल्या कागदात गुंडाळून थंड ठेवतात आणि मोजल्यावर ७०° से. ला सु. ७२ तास सुकवतात. पावसाळी नमुन्यांवरचे पाणी ताजे वजन करण्यापूर्वी टिपकागदाने टिपले नाही, तर पुढचे सगळे आकडे फसतात.

विग्डिस वांडविक, ब्रायन एन्क्विस्ट प्रभृती परिस्थितिवैज्ञानिकांचे या मापनाचे आंतरराष्ट्रीय अभ्यासवर्ग २०१५ मध्ये चीनमधील गोंग्गा पर्वतावर सुरू झाले. पुढे पेरू, स्वालबार्ड (नॉर्वेचा उत्तर ध्रुवाजवळचा द्वीपसमूह) येथेही भरले. तेथे तुलनेचा मुख्य आधार समुद्रसपाटीपासूनच्या उंचीतील फरकाचा होता. बेळगाव जिल्ह्यात तो पावसाचा मिळू शकतो : कणकुंबी-जांबोटीकडे काही हजार मिमी., तर अथणीकडे पाचशे-सहाशेच्या घरात. खानापूर तालुक्यातील जंगलात अंजनी सदाहरित, तर ऐन, किंजळ, नाणा पानझडी. म्हणून नमुने घेण्याचा महिना आधी ठरवावा लागतो. मराठी गावकरी ज्याला ऐन म्हणतो त्याला कन्नड भाषक मत्ती म्हणतो. पाकिटावर शास्त्रीय नाव हवेच. भीमगड अभयारण्यात (घोषणा २०११) वनखात्याच्या परवानगीशिवाय नमुने तोडता येत नाहीत.

मुळांच्या मापनाला अशा वर्गांत सहसा थोडाच वेळ मिळतो. जांभ्या जमिनीत बारीक मुळे न तोडता खणून काढणे व धुणे किचकट असते.