व्यसन आणि स्वतःला इजा: मेंदू दोन्हीकडे 'सुटका' शिकतो

दारू किंवा ड्रग्ज घेणारा आपला माणूस स्वतःला इजाही करतोय हे कळलं की घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते, आता हे आणखी काय नवीन असं वाटतं, पण मानसोपचारतज्ज्ञांना यात फारसं नवल वाटत नाही, कारण या दोन गोष्टी बऱ्याचदा एकाच माणसात सापडतात. आणि लोक दोन्हीबद्दल सारखेच चुकतात. व्यसनी माणूस म्हणे मजा मारतोय आणि इजा करणारा लक्ष वेधून घेतोय. अहो, इजा करणारे बहुतेक जण ती जिवापाड लपवतात!

सुरुवातीला नशेत मजा असते हे खरं, डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा त्यात मोठा वाटा असतो. पण जॉर्ज कूब यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवलंय की व्यसन जुनं होत जातं तशी मेंदूतली ताणाची यंत्रणा चढत जाते, मग नशा उतरली की बेचैनी, चिडचिड, झोप नाही, काहीच गोड लागत नाही, आणि माणूस आनंदासाठी नाही तर हे सगळं थांबावं म्हणून पुन्हा घेतो. त्रास थांबला की मेंदू पक्कं लक्षात ठेवतो, कशाने थांबला ते. याला निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट म्हणतात.

स्वतःला इजा करण्यामागेही बऱ्याचदा हेच चक्र असतं. मनातला ताण सहन होईना झाला, इजा केली, थोडा वेळ ताण उतरला. यात शरीराच्या स्वतःच्या वेदनाशामकांचा हात असावा असं मानतात. मॉर्फिन, हेरॉईन मेंदूतल्या ज्या रिसेप्टरवर (पेशीवरच्या ज्या जागेला चिकटून) काम करतात ते १९७३ मध्ये सापडले आणि दोनच वर्षांनी जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी त्याच रिसेप्टरवर बसणारं एन्केफॅलिन नावाचं वेदनाशामक शोधलं, जे मेंदू स्वतःच बनवतो. म्हणजे दोन्ही वाटा काही प्रमाणात एकाच यंत्रणेतून जातात. पण ती सुटका फार टिकत नाही, मूळ दुःख तिथंच असतं, वर लाज चढते, आणि ती लाजच पुढच्या वेळचं कारण होते. त्यात हळूहळू तेवढ्याने भागेनासं होतं, म्हणून धोका वाढत जातो.

दोन्ही एकत्र आले की काय होतं ते जास्त काळजीचं आहे. दारू मेंदूच्या पुढच्या भागाचा लगाम सैल करते, समोरचं दुःख तेवढं दिसतं, उद्याचा दिवस, आपली माणसं, आधी ठरवलेलं सगळं धूसर होतं. शुद्धीत असताना ज्याने महिनोन्‌महिने स्वतःला सावरलं तो त्या एका तासात सावरू शकत नाही, आणि वेदनाही बोथट झालेली असते म्हणून मनात होती त्यापेक्षा इजा गंभीर होते.

मुळं पुष्कळदा लहानपणात असतात. १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, मारहाण, अत्याचार, घरातलं व्यसन असे चार किंवा जास्त प्रकारचे वाईट अनुभव बालपणी आलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, ड्रग्ज, डिप्रेशन आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असे अनुभव न आलेल्यांपेक्षा ४ ते १२ पट आढळला. असं बालपण गेलेल्या प्रत्येकाचं असंच होतं असं मात्र अजिबात नाही.

म्हणून फक्त बाटली काढून घेतली की झालं, हा हिशेब मला धोक्याचा वाटतो. दारू सोडल्यावरचे पहिले काही आठवडे बघा, घरचे सुटलो एकदाचे म्हणून निर्धास्त होतात आणि त्याच दिवसांत त्या माणसाचा एकमेव आधार गेलेला असतो, झोप उडालेली असते, केलेलं सगळं आठवत असतं. तेव्हा इजेकडे वळण्याची भीती असते. (दारू खूप आणि रोज असेल तर ती एकदम तोडणंही जिवावर बेतू शकतं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.) दोन्हींवर एकत्र उपचार व्हायला हवेत. मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी तयार केलेल्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या उपचारात ताणाची लाट अंगावर आली की इजा न करता ती कशी निभवायची हे शिकवतात, सरावाने ते जमतं. लिनेहान स्वतः तरुणपणी स्वतःला इजा करण्यातून गेल्या होत्या, २०११ मध्ये त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं.

घरच्यांनी विचारायला घाबरू नये. "स्वतःला इजा करावीशी वाटते का, जीव द्यावासा वाटतो का" असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, हे अभ्यासांतून दिसलंय. हो म्हणाला तर भांडू नका, रडून शपथा घालू नका, ऐकून घ्या, एकटं सोडू नका, घरातल्या औषधगोळ्या दूर ठेवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत घेऊन जा, आणि तिथं नशेचं आणि इजेचं दोन्ही सांगा, एक सांगून दुसरं झाकू नका.