सात मिनिटांची दौड आणि बोटभर जाडीची कंडरा

पोलोचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘दर सात मिनिटांनी नवा घोडा? हे श्रीमंतांचे चोचले!’ पोलो हा पैसेवाल्यांचा खेळ आहे, यात वादच नाही. पण घोडा बदलण्यामागे थाटमाट कमी आणि शरीरशास्त्र जास्त आहे. पोलोचे बरेचसे नियम वरवर शिष्टाचारासारखे वाटतात. प्रत्यक्षात ती घोड्याच्या शरीराची आणि न्यूटनच्या भौतिकशास्त्राची कलमं आहेत.

खेळ मूळचा आपल्याकडचा. मणिपूरचा ‘सगोल कांगजेई’ ब्रिटिश चहामळेवाल्यांनी आणि लष्करी अधिकाऱ्यांनी पाहिला, 1859 मध्ये सिलचरला क्लब काढला, 1862 मध्ये कोलकात्याला. मग इंग्लंडमधल्या हर्लिंगहॅम क्लबने 1870 च्या दशकात नियम लिहून काढले. आज मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरही पोलो खेळला जातो. मैदान जवळजवळ 275 मीटर लांब, बाजूला चार-चार खेळाडू, आणि खेळाचे तुकडे साधारण सात-साडेसात मिनिटांचे. त्या तुकड्याला म्हणतात ‘चक्कर’.

सगळ्यात महत्त्वाचा नियम चेंडूच्या रेषेचा. टोला बसला की चेंडू ज्या दिशेने जातो ती एक अदृश्य रेषा, आणि त्या रेषेवरून चेंडूमागे धावणाऱ्याला रस्त्याचा हक्क. त्याला आडवं जायचं नाही. खांद्याला खांदा लावून रेटत बाजूला सारायला मुभा आहे, पण कोन अरुंद हवा. का, ते हिशेबानेच बघू. दोन्ही घोडे ताशी 36 किलोमीटरने धावत आहेत असं धरा. समोरासमोर आले तर एकमेकांच्या सापेक्ष वेग 72. तेच 30 अंशांच्या कोनातून भिडले तर सापेक्ष वेग जेमतेम 19. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे पहिली धडक दुसरीच्या सुमारे पंधरापट जबर. स्वारासकट घोडा पाच क्विंटलच्या आसपास भरतो. तेव्हा हा फरक किरकोळ नाही. डावखुऱ्यांनाही स्टिक उजव्याच हातात धरावी लागते, त्याचं कारणही हेच. समोरून येणारे दोघं चेंडू आपापल्या उजवीकडे ठेवतात, म्हणून घोडे रेषेच्या दोन अंगांनी सुखरूप निघून जातात. एकाने डावा हात वापरला की दोन्ही घोडे रेषेच्या एकाच अंगाला, नाकासमोर नाक.

खेळाडूंचं असं भागलं. घोड्याचं खरं दुखणं मात्र धडकेत नाही, त्याच्या पुढच्या पायात आहे, आणि तिथे मला जरा रेंगाळायचं आहे.

घोडा एकेका बोटाच्या टोकावर उभा असतो. पुढच्या पायाला गुडघ्याखाली हात लावून बघा: मांस नाहीच. हाड, कातडी आणि मागच्या बाजूने उतरणाऱ्या कंडरा, म्हणजे टेंडन. त्यातली सगळ्यात बाहेरची कंडरा बोटाएवढी जाड. वरच्या स्नायूपासून निघून ती नळीच्या हाडामागून खुराच्या वरपर्यंत जाते. भरधाव दौडीत एका क्षणी सगळा भार एकाच पायावर येतो आणि तो घोड्याच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भरतो, म्हणजे सुमारे टनभर. खुरावरचा सांधा जवळजवळ जमिनीपर्यंत दबतो, कंडरा ताणली जाते, आणि पाय उचलताना ती साठवलेली ऊर्जा परत देते. म्हणून तर एवढं धूड इतक्या कमी खर्चात पळतं.

आता गंमत अशी की ही कंडरा दौडीत आपल्या लांबीच्या दहा टक्क्यांहून जास्त ताणली जाते, आणि ती तुटते साधारण 12 ते 20 टक्क्यांच्या दरम्यान. पूल बांधणारा इंजिनिअर इतकी कमी शिल्लक ठेवेल तर त्याचा परवाना जाईल.

शिवाय साठवलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही. ताण आणि लांबी यांचा आलेख काढला तर ताणतानाची वाट आणि सैल होतानाची वाट वेगळी पडते. मधल्या फटीचं क्षेत्रफळ म्हणजे हरवलेली ऊर्जा. ती पाच ते दहा टक्के असते आणि तिची उष्णता होते. तार पुन्हापुन्हा वाकवून तोडताना वाकलेली जागा बोटाला चटका देते, तसंच. दौडीत हे मिनिटाला शंभराहून अधिक वेळा घडतं. कंडरेच्या कडेची उष्णता निघून जाते, पण गाभ्यात रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळे तिथली अडकून पडते. ॲलन विल्सन आणि ॲलन गुडशिप या ब्रिटिश संशोधकांनी दौडणाऱ्या घोड्यांच्या कंडरेत तापमापक बसवून हे मोजलं आणि 1994 मध्ये प्रसिद्ध केलं: गाभ्याचं तापमान 45 अंश सेल्सिअसपर्यंत. एवढ्या तापात शरीरातल्या बहुतेक पेशी फार वेळ तग धरत नाहीत. कंडरेच्या पेशी चिवट असतात, थोडा वेळ निभावतात. पण त्यांच्या भोवतीचं कोलॅजनचं, म्हणजे कंडरा ज्या धागेदार प्रथिनाची बनते त्याचं, जाळं दुरुस्त करायचं काम त्यांचंच, आणि सूक्ष्म चिरा तर रोज पडत असतात. शिवाय कोलॅजनच्या धाग्यांना मुळात बारीक लाटा असतात. वय आणि दौड वाढत जाते तशा गाभ्यातल्या लाटा कडेच्या आधी सपाट होतात, आणि पहिला झटका गाभ्यालाच बसतो. सोनोग्राफीत मग कंडरेच्या ऐन मध्यावर काळं भोक दिसतं. ते भरून यायला बहुधा वर्ष लागतं, भरतं तेही निराळ्या, कडक कोलॅजनने. म्हणून तीच कंडरा पुन्हा जाते.

स्नायू व्यायामाने वाढतो, हाडही भारानुसार घट्ट होतं. पूर्ण वाढलेली कंडरा मात्र जवळजवळ काही शिकत नाही. घोडा बदलण्याचं एक कारण हे आहे. घाम, दम, स्नायूंचा ताप ही बाकीची.

पायाला बांधलेल्या पट्ट्यांबद्दलही गैरसमज आहे. पोलोत त्या सक्तीच्या आहेत, आणि असाव्यातच, कारण चेंडूचा नाहीतर स्टिकचा फटका नळीवर बसला तर हाडच जायचं. पण पट्टीमुळे कंडरेला ‘आधार’ मिळतो असं जे सांगतात, त्यात फारसा दम नाही. टनभर भार कापडाने पेलत नाही. उलट पट्टीखाली उष्णता कोंडते. जाणता मोतद्दार चक्कर संपताच पट्ट्या सोडून पायावर गार पाणी ओततो, ते त्यासाठीच.

आपल्याकडे सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोडा घेताना लोक अंगावरच्या केसांचे भोवरे मोजतात. गळ्यावर देवमण हा शुभ मानलेला भोवरा असला तर किंमत चढते, अशुभ जागी भोवरा असला तर चांगलं जनावर पडून राहतं. केसांच्या भोवऱ्याचा आणि कंडरेचा काडीचा संबंध नाही. तेवढाच वेळ पाय उचलून नळीमागून दोन बोटं हळू खाली फिरवण्यात घालवला, कुठे ऊब, सूज किंवा गाठ लागते का पाहिलं, तर पैसे वाचतील.

दुसऱ्या टोकाला अर्जेंटिनात क्लोनचं वेड. तिथला नामांकित पोलोपटू अडोल्फो कॅम्बियासो याने 2016 मध्ये क्वार्तेतेरा या आपल्या घोडीच्या सहा क्लोनवर बसून पालेर्मोच्या मोठ्या पोलो स्पर्धेची अंतिम लढत जिंकली. तंत्र म्हणून कौतुकच. पण क्लोनला मूळ घोडीचा डीएनए मिळतो, 45 अंशांतून सुटका नाही. आणि टोचून जोम आणण्याच्या नादात काय होतं तेही जगाने पाहिलं आहे: 2009 च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडात एका संघाचे 21 घोडे टॉनिकच्या इंजेक्शनमधल्या सेलेनियमच्या अतिमात्रेने काही तासांत दगावले. त्यानंतर अमेरिकन पोलो संघटनेने घोड्यांच्या औषधचाचणीचे नियम आणले.

लंगडणाऱ्या घोड्याला पंच मैदानाबाहेर काढू शकतात. पण गाभ्यातलं भोक तयार होऊ लागतं तेव्हा घोडा लंगडत नसतो. माझं मत विचाराल तर हंगामाआधी प्रत्येक घोड्याच्या पुढच्या दोन्ही पायांची सोनोग्राफी सक्तीची करावी आणि नोंदणीच्या अर्जाला तो अहवाल जोडावा. यावर हरकत येईल ती खर्चाची. ज्या खेळात एका सामन्याला माणशी चार-सहा घोडे लागतात, तिथे ही सबब मला तरी पटत नाही.