एस्केप ई: होस्ट आणि प्रिंटर यांच्यामधल्या डब्याची पार्श्वभूमी

नव्वदीच्या दशकात मी वडोदऱ्याजवळच्या एका कारखान्याच्या ईडीपी म्हणजे संगणक खात्यात होतो. एका पगाराला डॉट मॅट्रिक्सच्या जागी नवाकोरा लेझर प्रिंटर बसला आणि प्रत्येक कामगाराचं नाव नव्या कागदावर उडी मारू लागलं. मथळा एका पानावर, नाव दुसऱ्यावर. दांडिया बाजारातून येणारे आमचे ऑपरेटरकाका म्हणाले, "प्रिंटर बरा आहे रे, डबा अजून जुन्या घरातच राहतोय."

डबा म्हणजे आमचा होस्ट, म्हणजे आयबीएमचा एएस/४०० हा मुख्य संगणक, त्याची ट्विनॅक्स केबल आणि साधा पॅरलल प्रिंटर यांच्यामध्ये बसवलेला कन्व्हर्टर. तो का लागला, हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

आयबीएमचा १४०३ हा लाइन प्रिंटर १९५९ चा. कागद कुठे थांबवायचा हे भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून ठरे. ठळक अक्षर, बारीक अक्षर असल्या भानगडी नव्हत्याच. १३२ रकाने आणि ओळी, संपलं. पुढे १९६३ मध्ये आस्की आलं, म्हणजे प्रत्येक अक्षराला आकडा नेमून देणारी संहिता; पण आयबीएमच्या १९६४ च्या सिस्टिम/३६० ने एबसिडिक ही वेगळी संहिता धरली. आस्कीत ‘ई’ म्हणजे ४५ हेक्स (सोळाच्या पायावरची मोजणी), एबसिडिकमध्ये सी५. एस्केप, म्हणजे ‘पुढचं छापू नको, हुकूम समज’ सांगणारी खूण, तिची तर गंमतच: आस्कीत तो दशमान २७, एबसिडिकमध्ये हेक्स २७. या २७ ने किती नवख्यांना चकवलं असेल!

छोट्या प्रिंटरवाल्यांनी आस्कीतला हा एस्केप उचलला आणि त्यापुढे आपापली अक्षरं जोडली. १९८० च्या एमएक्स-८० पासून एप्सनचे कोड बाजारात रुळले. त्यांच्या बोलीत ‘एस्केप ई’ म्हणजे ठळक छपाई सुरू. १९८४ मध्ये एचपीचा लेझरजेट आला, पीसीएल ही स्वतःची भाषा घेऊन. तिथे ‘एस्केप ई’ म्हणजे रीसेट, आणि रीसेटआधी अर्धवट छापलेलं पान बाहेर. आमच्या पगारस्लिपांचं कोडं इथेच सुटलं: डबा ठळक नावासाठी एप्सनचा ‘एस्केप ई’ पाठवी, नवा प्रिंटर त्याला रीसेट समजे.

होस्टला यातलं काही ठाऊक नसे. तो आयबीएमच्या एससीएस भाषेत बोले; त्याचं भाषांतर डबा करी. बाजारात उद्या कोणता प्रिंटर येईल हे डबा बनवणाऱ्यालाही माहीत नव्हतं, म्हणून त्याने कोष्टक वापरणाऱ्याच्या हाती दिलं. माझ्या मते ही हुशारीपेक्षा प्रामाणिक कबुली होती. बटणं दाबून एकेका कामासमोर हेक्स बाइट भरायचे, ते वीज गेली तरी टिकत. ठळकसमोर १बी ४५ होतं, म्हणजे हेक्समधला ‘एस्केप ई’. तिथे पीसीएलमधलं ठळक, १बी २८ ७३ ३३ ४२, भरलं. ठळक बंद करायला तेच, फक्त ३३ च्या जागी ३०. नावं मुकाट जागेवर आली.

खरा छळ मात्र कागदाचा असे, आणि तोही डॉट मॅट्रिक्सच्या काळापासूनचा. प्रिंटर ११ इंची फॉर्म धरून चाले, इंचाला ६ ओळी म्हणजे ६६ ओळी. आपल्याकडची कंटिन्युअस स्टेशनरी १२ इंची, म्हणजे ७२. कोड न बदलता सोडलं की दर पानाला छपाई एक इंच वर सरके आणि पाचसहा पानांत बेरीज नेमकी फाडायच्या भोकांवर येई. एप्सनसाठी छपाईच्या सुरुवातीला पाठवायच्या बाइटांमध्ये १बी ४३ ४८ घालायचं. ४८ हेक्स म्हणजे ७२. डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीत हेच तीन बाइट लाल शाईने लिहिलेले होते.

कोष्टकात नसलेलं काही, बारकोड म्हणा, हवं असेल, तर काही डब्यांत आरपार पाठवायची सोय असे: ठरावीक खुणेनंतर होस्टने साध्या अक्षरांत हेक्स आकडे लिहायचे, डबा त्यांचे बाइट करून न वाचताच पुढे ढकली.

पुढे एएस/४०० नेच हे भाषांतर स्वतःकडे घेतलं आणि प्रिंटर नेटवर्कला लागले. डबा गेला, कोष्टक गेलं नाही. ते होस्टवरच्या फाईलमध्ये बसलं, आणि तिथे ठळक छपाईच्या ओळीत एचपीसाठी अजून तेच लिहिलेलं असतं: १बी २८ ७३ ३३ ४२.