घरगुती पॉपर फ्लाय

पॉपर फ्लाय म्हणजे मासे धरायला गळावर बांधलेला, पाण्यावर तरंगणारा हलका नकली चारा. याच्या तोंडाला वाटीसारखा खोलगट भाग असतो, दोरीला झटका दिला की ती वाटी पाणी आणि हवा पुढं ढकलते, डुबुक्क असा आवाज होतो, आणि खाली दबा धरून बसलेल्या शिकारी माशाला वाटतं की बेंडूक पडला नाहीतर टोळ पडला. हा प्रकार मूळचा अमेरिकेतला, तिथं बास नावाच्या माशासाठी बुचाचे पॉपर बनवायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लागले आणि त्याचं श्रेय बहुतेक वेळा टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावच्या अर्नेस्ट पेकिनपॉ यांना दिलं जातं. आपल्याकडं बास नाही, पण मरळ आहे, आणि पॉपर जणू मरळीसाठीच बनवलाय असं वाटावं इतका तो तिला लागू पडतो.

याचं कारण मरळीच्या सवयीत आहे. मरळ हवेत श्वास घेते, थोड्या थोड्या वेळानं वर येऊन घोट घ्यावाच लागतो तिला, त्यामुळं तिचं लक्ष कायम वरच्या पाण्यावर. तळं आटत आलं, पाणी गढूळ झालं, बाकीचे मासे तडफडून मेले तरी मरळ तग धरते, अगदी ओल्या चिखलात सुद्धा काही दिवस जगते. मराठवाड्यासारख्या भागात, जिथं २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं हा मासा टिकून राहतो यात नवल नाही. गोदावरीचे डोह, मांजरा-तेरणा-दुधनेवरचे बंधारे, गावतळी, धरणाच्या बॅकवॉटरचे उथळ कोपरे, जिथं जलपर्णी नाहीतर पाणगवत दाटलंय तिथं कडेला मरळ असतेच. गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावून तळाला गळ सोडला तर तिथं गळ गवतात अडकतो, पॉपर मात्र वरच्या वर चालतो. म्हणून हा बनवायला शिकणं आमच्याकडच्या माणसाच्या खरंच कामाचं.

अंग कशाचं करायचं? बुचाचं सगळ्यात चांगलं, पण चांगलं बूच गावात सहज मिळत नाही. लहानपणी ज्वारीच्या चिपाडाच्या बैलगाड्या ज्यांनी केल्यात त्यांच्या डोक्यात पहिलं चिपाडच येतं, ते तरंगतं सुद्धा, पण आतला गर पाणी पितो आणि थोड्या वेळात जड होतो, तर ते सोडा. थर्माकोल हलका आहे पण फेविक्विक लागला की विरघळतो, नेलपॉलिश लावलं तरी तेच, मी पहिले तीन-चार थर्माकोलचेच केले होते आणि सगळे रंगवतानाच खड्डे पडून गेले. सगळ्यात बरं म्हणजे फोमची जुनी तुटकी स्लीपर. पाणी पीत नाही, ब्लेडनं कापता येते, चिकटते, आणि मरळीनं चावली तरी परत फुगते. तेवढ्याच रुंदीची धातूची पोकळ नळी घ्या, तोंड कानसीनं धारदार करा आणि फोममध्ये गोल गोल फिरवत दाबा, १० ते १२ मिलिमीटर जाडीचा गोल तुकडा निघतो. लांबी १५ ते २० मिलिमीटर पुरे. मागची बाजू कात्रीनं निमुळती करा. तोंडाची वाटी करायला पेनाला सँडपेपर गुंडाळायचा आणि हळूहळू घासायचं. वाटी फार खोल नको, कारण मग झटक्याला पॉपर नाक खुपसून पाण्यात बुडतो. वाटी जरा वरच्या अंगाला तिरकी असली की तो वर राहतो आणि आवाज पण भरदार येतो.

आता खरी गोष्ट गळाची, आणि नव्या माणसाचं इथंच चुकतं. अंग जाड आणि गळ लहान असला तर गळाचं टोक आणि दांडी यांच्यातली मोकळी जागा फोमनं भरून जाते, मासा धरतो, पाणी उडतं, आणि हातात काही येत नाही. म्हणून गळ अंगाच्या पोटाला, अगदी खालच्या कडेला बसवायचा आणि टोक मोकळं राहील असं बघायचं. मरळीला लांब दांडीचा आणि जाड तारेचा गळ लागतो, बारीक तारेचा ती सरळ करून टाकते. पॉपरसाठी बाकदार दांडीचे खास गळ मिळतात, त्या बाकामुळं अंग दांडीभोवती फिरत नाही. साधा गळ असेल तर दांडीवर आधी शिवणाचा दोरा घट्ट गुंडाळून खरखरीत करायचा, पोटाला ब्लेडनं चीर द्यायची, चिरेत अराल्डाइट भरून दांडी दाबायची आणि रात्रभर ठेवायचं. घाई केली की पहिल्याच माशाला अंग गोल फिरतं.

शेपटीचं सामान घरचंच. गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं नाहीतर शेळीचे केस गळाच्या वाकणापाशी दोऱ्यानं बांधायचे, आणि अंगात सुई घालून रबरबँडचे दोन पाय ओवायचे. पाय हलतात म्हणून पॉपर नुसता थांबलेला असला तरी जिवंत वाटतो. रंगावर लोक फार वेळ घालवतात, माझ्या मते फुकट, खालून बघणाऱ्या माशाला आभाळाच्या उजेडावर फक्त काळी सावली दिसते. वरची बाजू पिवळी नाहीतर नारंगी ठेवा, ती तुम्हाला दिसावी म्हणून. गवतात फेकायचा असेल तर जाड तंगूसाचा (नायलॉनच्या दोरीचा) एक तुकडा अंगापासून गळाच्या टोकासमोर कमानीसारखा लावायचा, गवत त्याच्यावरून घसरतं आणि मासा चावला की तो दबतो.

असा हलका चारा फेकायची खास लवचिक काडी, म्हणजे फ्लाय रॉड, सगळ्यांकडं नसतो. रीळ लावलेली साधी स्पिनिंग काडी असली तर दोरीवर पाणी भरता येणारा प्लास्टिकचा पारदर्शक बबल लावायचा, फेकायला वजन त्याचं, आणि पुढं तीन-चार फुटांवर पॉपर. पडला की लगेच ओढू नका. पाण्यावरची वर्तुळं विरू द्या, मग एक झटका, परत थांबा. बहुतेक वेळा थांबलेला असतानाच मरळ येते. पाणी फुटलं की हात आपोआप वर जातो, पण तेव्हा ओढायचं नाही, दोरी ताणली जाईपर्यंत थांबायचं, नाहीतर तोंडातून निघून येतो.

पावसाळ्यात कडेच्या पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका उकळल्यासारखा वर-खाली होताना दिसला तर तिथं पॉपर टाकू नये. खाली पिल्लं राखणारी मरळ असते आणि ती भूक नसताना सुद्धा चावते, तिला काढली की बाकीचे मासे पिल्लं खाऊन टाकतात. पैठणचं नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, आणि बऱ्याच तलावांचा ठेका मच्छीमार सोसायट्यांकडं असतो, तर आधी विचारून मगच काडी काढायची. छोटी मरळ सोडायची असेल तर गळाचा उलटा काटा पक्कडीनं घरीच दाबून ठेवा, पाण्याकाठी ओल्या हातानं ते नीट होत नाही.